दिसायला शिकवणारे रेडियमभाऊ

रेडियमभाऊ उजेडात कुणाच्या नजरेत भरत नसत. मध्यम उंची, रापलेला रंग, करड्या मिशा आणि अंगावर खिसा उसवलेला सदरा. धरणगावच्या बाजारात अशी माणसं पायलीला पन्नास मिळतील. पण सूर्य उगवायच्या आधी हायवेवर एखाद्या ट्रकचा दिवा त्यांच्यावर पडला, की हा माणूस पेटल्यासारखा दिसायचा. हेल्मेटवर लाल पट्टी, पाठीवर पिवळी फुली, दंडांना पांढरे पट्टे, बुटांच्या टाचांना केशरी तुकडे, आणि सायकलच्या प्रत्येक नळीवर काही ना काही चमकणारं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी वरातीतला घोडा सुटून आलाय. पुढे ओळख वाढल्यावर हे मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "घोडा काय, गधडं म्हन. पन दिखनं ना तुले? बस, काम व्हयनं."

भाऊंचं दुकान जळगावातून धरणगावकडे निघणाऱ्या रस्त्याला आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा, ट्रकच्या कपाळावरची नावं, टेंपोच्या मागचे आशीर्वाद, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरचे मोर, सगळं ते स्वतः कापून स्वतः चिकटवत. दिवा पडला की चमकणाऱ्या पट्टीला आमच्याकडे रेडियमच म्हणतात, म्हणून ते रेडियमभाऊ. खरं नाव दुकानाच्या पाटीवरही नव्हतं. आख्ख्या तालुक्याची नावं चिकटवणाऱ्या माणसाला आपलं नाव लावायचं सुचलं नाही की सवड झाली नाही, कोण जाणे. ते नाव एकदा कुठेतरी लागावं अशी त्यांची इच्छा मात्र होती, आणि त्या इच्छेपायी पुढे आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

मी शाळेत गणित शिकवते. चाळिशी ओलांडली की माणसाला काहीतरी होतं. कुणी प्लॉट घेतं, कुणी एखाद्या महाराजांच्या नादी लागतं. मी ट्रायथलॉनच्या नादी लागले. म्हणजे आधी पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकल हाणायची आणि तेवढ्यानं समाधान नाही झालं तर वर पळायचं. घरच्यांनी कपाळावर हात मारला. नवी सायकल घेऊन मी भाऊंच्या दुकानात गेले ती तिच्यावर माझं नाव लावून घ्यायला. भाऊंनी नाव कुठे लावायचं ते विचारलंच नाही. सायकल उलटी फिरवली, मागून न्याहाळली आणि म्हणाले, "मॅडम, मांगून तर काहीच दिखत नही. म्हनजे मांगलासाठे तुम्ही नहीच."

मागून येणाऱ्यासाठी आपण अस्तित्वातच नाही, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. भाऊंनी मागच्या चाकाच्या वर लाल, पेडलना पिवळी आणि माझ्या बुटांच्या टाचांना केशरी पट्टी लावली. टाचांना कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाले, "उभी पट्टी देखी का डायवरले वाटस खांब शे. वर-खाले होनारी पट्टी देखी का त्याले समजस, आठे मानूस शे." मग जरा लाजत त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन आपली सायकल दाखवली. पन्नाशी उलटलेला हा गृहस्थही त्याच नादाला लागलेला होता. लहानपणी विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलेला आणि अजून तापीच्या पाण्यात कुणाला न ऐकणारा. त्या दिवसापासून आम्ही पहाटे बरोबर जाऊ लागलो. मॅडमची ताई झाली, तुम्हीचं तू झालं. हायवेवर एकट्या बाईनं पहाटे सायकल चालवायची म्हणजे काय असतं ते आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको. भाऊ माझ्या मागे असत म्हणून मी बाहेर पडू शकले.

हे सगळं आज लिहिणं सोपं नाही, कारण दुसऱ्यानं दिसावं म्हणून आयुष्य वेचणाऱ्या या माणसाला स्वतःलाच दिसेनासं होत होतं. ते कळलं तोवर उशीर झाला होता. आणि कळल्यावर त्यांना सायकलवरून उतरवायला त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, आणि मी आकाशपाताळ एक केलं, तरी भाऊ उतरायला तयार नव्हते.

पण आधी त्यांच्या शिस्तीबद्दल सांगते. ट्रायथलॉनमध्ये एक नियम आहे. पोहून बाहेर आल्यावर हेल्मेट घालून त्याची पट्टी लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर सायकल दांड्याला टांगल्याशिवाय ती पट्टी सोडायची नाही. हा नियम शर्यतीपुरता. भाऊंनी तो संसारात आणला होता. अंगण झाडायला वहिनींना सायकल जरा बाजूला हवी असली, तरी भाऊ आत जाऊन हेल्मेट घालत, हनुवटीखाली टक असा आवाज आला की मगच सायकलला हात लावत, ती हातभर सरकवत आणि मग हेल्मेट काढत. वहिनी म्हणायच्या, "सायकलसंगे लगीन लाग्नं यासनं. हात लावाना पहिले मुंडावळ्या बांधतस." भाऊ हसत नसत. "हाताले सवय लागाले पायजे," म्हणत. "डोकं इसरी जास, हात इसरत नही."

त्यांची दुसरी शिस्त 'मुंडकं वर!' या आरोळीची. आमच्या सायकलींना पुढे दोन दांडे असतात. त्यांवर कोपरं टेकून, पाठ आडवी करून, वाऱ्याला चुकवत जायचं. वेग छान मिळतो, पण ब्रेक हातापासून दूर राहतात आणि मान आपोआप खाली जाते. त्यात समोर मीटर बसवलेला असतो. आकडा जरा वाढला की आणखी वाढवावासा वाटतो आणि माणूस रस्ता सोडून आकड्याकडे बघत राहतो. गणिताची बाई असल्यामुळे मला हा रोग जास्तच. मान खाली गेली रे गेली, की मागून खणखणीत आवाज यायचा, "ताई, मुंडकं वर!" एकदा मी चिडून विचारलं, की भाऊ, तुम्हाला मागून माझं मुंडकं दिसतं तरी कसं? "मुंडकं नही दिखत," ते म्हणाले, "तुना पाय जोरमा फिराले लागतस. मंग समजस, मास्तरीन आकडा देखी राहिनी."

केळीच्या पट्ट्यात, यावल-रावेरकडे गेलो, की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. केळी भरताना गाडीत पानं अंथरतात, ती वाटेनं गळतात आणि दवानं ओली झाली की त्यांवर सायकल साबणावरून घसरावी तशी जाते. भाऊ अशी पानं दिसली की उतरत आणि पायानं रस्त्याखाली ढकलत बसत. माझा सराव, माझा वेळ, माझा मीटर, सगळं गेलं खड्ड्यात. "पानवर ब्रेक नही आन वळनं नही. सरळ निंघी जाय," एवढं मला शिकवून ते पुन्हा पानं ढकलायला लागत. पुढच्या पहाटे तितकीच पानं तिथे पडलेली असत.

कापसाच्या हंगामात तर त्यांना झोप लागत नसे. जिनिंगबाहेर ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर येते. ट्रॉलीला ना दिवा ना पट्टी, आणि कापूस दोन्ही अंगांनी इतका बाहेर आलेला की ट्रॉली कुठे संपते ते कळू नये. भाऊ रेडियमचा रोल घेऊन त्या रांगेतून फिरत आणि न विचारता मागच्या फळीला पट्ट्या लावत. कुणी हसायचं, कुणी खेकसायचं. पोळ्याला त्यांनी बैलांच्या शिंगांना बेगडाऐवजी रेडियम लावायची टूम काढली, तेव्हा एका आबांनी विचारलं, "बैल शे का यष्टी?" तरी भाऊंनी गावातल्या निम्म्या शिंगांना पट्ट्या लावल्याच. एका पावसात त्या चिखलानं झाकून गेल्या. ट्रॉल्यांचंही तेच. लावलेल्या पट्ट्या उखडायच्या आणि पुढच्या हंगामात नव्या, कोऱ्या, काळोख्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या. विहीर ओंजळीनं उपसायला बसलेल्या माणसाकडे बघून वाटावं, तसं मला वाटायचं. इतका ध्यास आहे म्हणजे घरात काही आक्रीत घडलं असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी एकदा धीर करून विचारलं.  "काहीच घडनं नही," भाऊ म्हणाले. "घडानी वाट देखानी का?"

पहिली शंका मला आरशावरून आली. भाऊंच्या सायकलला उजव्या मुठीच्या टोकाला छोटा आरसा होता, मागचं बघायला. एके दिवशी तो मुठीवरून हलून बरोबर मधोमध, त्यांच्या नाकासमोर आलेला होता. मी विचारलं तर म्हणाले, "आठेच बरा दिखस." मग चहाच्या टपरीवर उजव्या हाताला ठेवलेला ग्लास त्यांच्या धक्क्यानं पडला. आठवड्यानं पुन्हा पडला. त्यानंतर एरंडोलच्या अलीकडे एक दूधवाला हॉर्न देत उजवीकडून पुढे जात होता. मी मागे होते, मला हॉर्न ऐकू आला, भाऊंनाही आला असणार. तरी ते सरळ त्याच्या अंगावर वळले. दोघंही पडले, दूध रस्त्यावर सांडलं, नशिबानं कुणाला फारसं लागलं नाही. भाऊंनी त्या दूधवाल्याला इतकं झापलं की मी बघतच राहिले. त्या माणसाची काही चूक नव्हती, आणि चूक नसलेल्यावर ओरडणं हा भाऊंचा स्वभाव नव्हता.

त्याच संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "ताई, घर येऊन जाय. माले भ्याव लागी राहिनं." मी गेले. वहिनींनी मला घरभर फिरवलं. दाराच्या चौकटीला पिवळी पट्टी. खाटेच्या कोपऱ्याला लाल. मोरीच्या उंबऱ्याला, ओट्याच्या कडेला, पाण्याच्या माठाच्या तिवईला, सगळीकडे उजव्या अंगाला रेडियम. वहिनींना आधी वाटलं, नवऱ्याचं खूळ वाढलं. मग त्यांच्या लक्षात आलं की जिथे जिथे भाऊ धडकले होते, तिथे तिथे दुसऱ्या दिवशी पट्टी आली होती. पदराचं टोक तोंडात धरून त्या रडायला लागल्या. 

आम्ही दोघी त्यांना ओढून धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी भाऊंना समोर बघायला सांगितलं आणि उजव्या कानाजवळून आपलं बोट हळूहळू पुढे आणायला लागले. "काका, बोट दिसलं की सांगा." भाऊ ताठ बसून, हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते. बोट कानाच्या पुढे आलं, गालापर्यंत आलं, डोळ्याच्या कोपऱ्याच्याही पुढे आलं. भाऊ हसतच होते. मला ओरडावंसं वाटत होतं, भाऊ, ते बघा ना, ते काय समोर आहे! बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा ते आनंदानं म्हणाले, "हां, दिखनं." वहिनींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

काचबिंदू होता. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. उजवी बाजू बरीच गेली होती आणि डावीही जायला लागली होती. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून जपायची, डॉक्टर म्हणाले. सायकल बंद. भाऊंनी विचारलं, "हायवेवर बंद का बठ्ठीकडे बंद?" डॉक्टरांना आधी ती थट्टा वाटली. मग भाऊंचा चेहरा बघून ते म्हणाले, "काका, सगळीकडे."  परतताना पारोळ्याजवळ भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी शर्यतीमा नाव टाकेल शे."

नाव त्यांनी याआधीही टाकलं होतं. पण एकदा शेतातला कापूस वेचणीला आला, एकदा वहिनींचं ऑपरेशन निघालं, एकदा सगळं जगच बंद पडलं. या खेपेला नाशिककडच्या एका धरणावरची शर्यत होती आणि त्यात आम्हा दोघांची नावं होती. शर्यतीत आयोजक तुमच्या हेल्मेटवर आणि सायकलवर तुमच्या नावाचं स्टिकर लावून देतात. भाऊंचा सगळा जीव त्या स्टिकरमध्ये अडकला होता. "जनमभर दुसरास्ना नाव चिटकाडात," ते मला म्हणाले. "एकदाव कोनी तरी मनं नाव चिटकाडू दे. मंग तू सांगशी ते करसू."

मी भांडले. गयावया केली. गाणी ऐकत सायकल चालवणाऱ्या एका मुलाच्या कानातल्या वायरी त्यांनी एकदा भर रस्त्यात ओढून काढल्या होत्या, त्याची आठवण दिली. "ज्याला मागचं कळत नाही त्यानं रस्त्यावर यायचं नाही, हे तुम्हीच म्हणाला होतात ना?" भाऊ खाली मान घालून कात्रीशी खेळत राहिले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं, तर ते माझ्या घरी येऊन माझ्या मुलांच्या दप्तरांना पट्ट्या लावून गेले. वहिनींनी पुढचं चाक काढून माजघरातल्या कापसाच्या ढिगात खोल पुरून ठेवलं. भाऊंनी दार लोटून घेतलं, अंधारात ढिगावर बॅटरी मारली आणि कापूस उपसायला लागले. चाकाच्या रिमवर रेडियम होतंच. ते चमकलं आणि सापडलं. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "त्यासनीच लावेल पट्टी त्यासले मारी टाकी." 

शेवटी तडजोड झाली. रस्त्यावर एकदाही जायचं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत सायकल स्टँडवर चढवून जागच्या जागी चालवायची. भाऊंनी शब्द पाळला. गिऱ्हाइकं यायची, हाका मारायची, आणि आत हा माणूस घामानं निथळत भिंतीकडे बघून पेडल मारत असायचा. शर्यतीचा रस्ता गाड्यांना बंद असतो, या एका गोष्टीला त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. पण गाड्या नसल्या तरी शेकडो सायकली असतात, आणि जोरातले सगळे उजवीकडूनच पुढे जातात. भाऊंना जी बाजू नव्हती, त्याच बाजूनं.

शर्यतीच्या सकाळी स्टिकर लावून मिळालं. हेल्मेटवर आकडा आणि त्याखाली त्यांचं खरं नाव. भाऊंनी ते डोळ्यांसमोर धरलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं. "हवा ऱ्हायनी आतमा," ते म्हणाले. "कच्चा हात शे कोनाना तरी." आणि त्यांचे डोळे भरून आले. मी तेव्हाच त्यांना सांगितलं. "भाऊ, मला नाही बघवत. मी शर्यतीच्या पंचांना, मार्शलला, तुमच्या डोळ्यांचं सांगणार आहे." त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "पानीमा कोनी मांगून मारत नही. माले पव्हू दे. बाहेर निंघनू का सांगजो." पोहण्यात धोका नव्हता. मी हो म्हटलं.

पाण्यात उतरल्यावर कळलं, काय कबूल करून बसले. भाऊ पोहण्यात माझ्या कितीतरी पुढे. ते आधी बाहेर पडणार, सायकल घेणार आणि मी अजून पाण्यातच असणार. मी आयुष्यात तशी पोहले नाही. लोकांचे पाय तोंडावर बसत होते, पाणी नाकातोंडात जात होतं आणि डोक्यात एकच चालू होतं, भाऊ, थांबा. देवाचं नाव मी फारसं घेत नाही, त्या दिवशी प्रत्येक हातागणिक घेतलं. काठाला लागले. तशीच अनवाणी पळत सुटले.

सायकलींचे दांडे ओळीनं लागले होते. लांबूनच मला ती पाठीवरची पिवळी फुली दिसली. भाऊ हेल्मेट घालून उभे होते. माझ्या पोचण्याआधी टक असा आवाज आला. त्या गोंधळात तो मला ऐकू येणं शक्य नाही, पण मला ऐकू आला. त्यांनी सायकल दांड्यावरून काढली आणि वळवली. त्यांच्या उजव्या हाताला, अगदी हाताच्या अंतरावर, एक मुलगी आपली सायकल घेऊन निघाली होती. "भाऊ!" मी किंचाळले. ते सरळ तिच्यात गेले. ती पडली, तिची सायकल तिच्या अंगावर पडली.

तिला लागलं नव्हतं. ती उठली, गुडघा झटकला, "इट्स ओके अंकल" म्हणाली. पण भाऊ जागचे हलेनात. ती जिथे होती तिकडे, आपल्या उजव्या बाजूला, ते मान पूर्ण वळवून बघत होते. भर उन्हात, उभ्या जागी, एक आख्खं माणूस त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी तिची सायकल उचलली, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, पुढचं चाक फिरवून पाहिलं आणि तिच्या हातात दिली. "जाय बेटा," म्हणाले. मग आपली सायकल मागे नेली, दांड्याला टांगली. ती नीट बसली का ते हलवून पाहिलं. आणि त्यानंतर हेल्मेटची पट्टी सोडली. नियमाप्रमाणे.

मी समोर उभी राहून रडत होते. मार्शल आला होता, त्याला काही सांगायची गरज उरली नव्हती. भाऊंनी पायाला बांधलेली वेळ मोजायची पट्टी काढून त्याच्या हातात ठेवली. "माले दिखत नही," ते त्याला म्हणाले. एवढ्या महिन्यांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मग माझ्याकडे वळून ओरडले, "तू काय देखी राहिनी? हेल्मेट घाल. जाय! आन मुंडकं वर!" त्या दिवशी मी सायकल कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. डोळ्यांतल्या पाण्यानं मलाही धड दिसत नव्हतं. पण मान मात्र एकदाही खाली गेली नाही.

गावी आल्यावर भाऊंनी ते हेल्मेट खुंटीला टांगलं आणि बोलणं सोडलं. दुकान उघडायचे, समोर आलेलं काम करायचे, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. थेंब घालायला वहिनींना त्यांची हनुवटी धरावी लागे. ट्रॉल्यांच्या रांगेकडे ते त्या हंगामात गेले नाहीत. मीही सायकल माळ्यावर टाकली. मागे कुणी नाही, मग रस्त्यावर जायचं कशाला? मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. आणि रागही येत होता. ज्यानं रस्ताभर लोकांना दिसायला शिकवलं, त्याच्याच डोळ्यांवर हे यावं, याचा राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

महिना-दीड महिन्यानं वहिनींचा पुन्हा फोन आला. भाऊ पहाटे उठून खुर्ची आणि बॅटरी घेऊन दुकानासमोर रस्त्याच्या कडेला बसतात. उजाडल्यावर मुकाट घरी येतात. "कोनी वाट देखतस, माले सांगतस नही," वहिनी म्हणाल्या. मला सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या पहाटे मी सायकल काढली, हेल्मेटची टक ऐकली आणि निघाले. दुकानाजवळ आले तर रस्त्याच्या कडेला बॅटरीचा उजेड इकडून तिकडे फिरत होता. मी त्याच्या पुढून गेले. उजेड माझ्या मागोमाग आला आणि पाठीमागून ओळखीची आरोळी आली, "मुंडकं वर!"

मी वळून आले. भाऊंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "तोंड नही दिखनं तुनं," ते म्हणाले. "टाचा दिखन्यात. वर-खाले, वर-खाले. मंग समजनं, मनी ताई शे."

तेव्हापासून मी रोज त्या रस्त्यानं जाते. जाताना त्यांच्या समोरून, पलीकडच्या पुलाला वळसा घालून येतानाही त्यांच्या समोरून. बॅटरी माझ्या पायांवर पडते आणि भाऊ म्हणतात, "दिखनी." एवढं एकच. तो शब्द ऐकल्यावर मला पुढचा रस्ता सोपा जातो. थेंब चालू आहेत. तरी डॉक्टर म्हणतात ते खरं होत चाललंय, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे आणि आम्ही कुणी त्याबद्दल बोलत नाही.

परवा मी जाताना भाऊ काही बोलले नाहीत. बॅटरी पेटलेली होती, मी तिच्या उजेडातूनच गेले होते. वाटलं, डुलकी लागली असेल. पुलावरून वळले आणि परत येताना अगदी त्यांच्या खुर्चीजवळ येऊन थांबले. भाऊ जागे होते. बॅटरी दोन्ही हातांत धरून, मी जिकडे गेले होते तिकडे बघत बसले होते.

"भाऊ," मी विचारलं, "दिखनी का मी?"

"दिखनी ना," ते हसून म्हणाले. "कव्हयनी दिखी राहिनी. जाय आते, उशीर व्हई शायले."

त्यांचं तोंड अजून पुलाकडेच होतं, आणि बॅटरीचा उजेड त्या रिकाम्या रस्त्यावर.